तीन-ए नंबरची डिस्क

थिओ मास्तरांच्या आईला येत्या रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. निदान आईचं तसं म्हणणं होतं. मास्तरांच्या मते एकोणऐंशी पूर्ण होणार होती. आणि मलेशियातल्या तैपिंगच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून मास्तर वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेले असल्यामुळे, मोजण्याच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा असं ते धरून चालत. आई तसं धरून चालत नसे.

"जन्मले त्या दिवशी मी एक होते," ती म्हणे. "आपल्या चिनी माणसांत तसंच मोजतात."

"आई, पहिला वाढदिवस झाला की माणूस एक वर्षाचं होतं."

"मग त्याआधी वर्षभर मी कोण होते? दूध कोण पीत होतं?"

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. शिवाय आईनं पिनांगच्या आणि इपोच्या बहिणींना फोन करून 'माझी ऐंशी' म्हणून आमंत्रणं कधीच देऊन टाकली होती, हॉटेलातली तीन गोल टेबलं राखून झाली होती, आणि पिनांगच्या मावशीनं केस काळे करून घेतले होते. आता वर्षभर थांबा म्हणणं म्हणजे मावशीचे केस पुन्हा पांढरे होण्याची वाट पाहणं होतं. मास्तरांनी तात्त्विक विरोध नोंदवला आणि माघार घेतली.

भेट काय हवी, असं विचारल्यावर आई म्हणाली, "मला सोनं नको, केक नको. सगळ्यांसमोर तेवढा माशाचा तुकडा दाखव."

माशाचा तुकडा म्हणजे अडतीस सेकंदांचं एक चित्रण. तीस वर्षांपूर्वी आईच्या वाढदिवसाला मास्तरांच्या चुलतभावानं कुणाचा तरी कॅमेरा आणला होता. त्यात मास्तरांचे वडील वाफवलेल्या पापलेटच्या गालाचा तुकडा काड्यांनी अलगद उचलतात, आईच्या वाडग्यात ठेवतात आणि दोन वाक्यं बोलतात. पुढं दोन वर्षांनी ते गेले. कॅमेरा दिसला की ते न्हाणीघरात जाऊन बसत, त्यामुळे त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. त्या दोन वाक्यांतलं एक मास्तरांच्या मते चुकीचं होतं आणि ते कापून टाकावं असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं, पण ते पुढं.

मूळ कॅसेटला बुरशी आली होती. मास्तरांनी मागल्या वर्षी ते चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि कॅसेट कचऱ्यात टाकली. स्वतःच्या हातानं टाकली, आणि "राहू दे की हो एका डब्यात," असं बायको, गेक चू, म्हणत असताना टाकली. कारण मास्तरांकडे आता रेड होती.

रेड म्हणजे काय, हे त्यांनी घरच्यांना बिस्किटांचे चार डबे मांडून शिकवलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक नाही, चार हार्ड डिस्का. आपलं सगळं सामान चौघींत असं वाटून ठेवायचं की एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्या वाटचं सगळं बिनचूक सांगतात. मग मेलेलीच्या जागी नवी बसवायची, की तिला बाकीच्या सगळं पढवून तयार करतात.

"आणि दोन मेल्या तर?" गेक चूनं विचारलं होतं.

"दोन एकदम मरत नसतात," मास्तर म्हणाले होते. "शक्यता काढून दाखवू का?"

तिनं नको म्हटलं होतं.

या चार डिस्का बसवून दिल्या होत्या बाजारातल्या सेल्वाराजानं. तो तमिळ, पण दुकान चालवायचं तर गिऱ्हाईक चिनी. आणि चिनी गिऱ्हाइकाला चार आकडा दाखवला की ते वस्तू तिथंच ठेवून जातं, कारण चिनी भाषेत चार आणि मरण हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणजे चार हे साक्षात मरण. तैपिंगमध्ये काय नि कुठं काय, इमारतीत तिसऱ्या मजल्यानंतर तीन-ए येतो आणि मग एकदम पाचवा. खुद्द मास्तरांचं घर चौदावं, म्हणून दारावर पाटी तेरा-ए. सेल्वानं त्याच सौजन्यानं डिस्कांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: १, २, ३ आणि ३ए. मास्तरांना तेव्हाच ते खटकलं होतं. पण भांडायचं ते दारावरच्या पाटीपासून सुरू करावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी, आई अंगणात हात हलवून व्यायाम करत असताना, कॉम्प्युटर ओरडू लागला. टींऽ टींऽ टींऽ, न थांबता. आधी वाटलं पिंजऱ्यातला पक्षी. मग वाटलं गॅस. शेजारच्या पंधरा नंबरातून पाक रामली ओली गोणी घेऊन धावत आले. पाक म्हणजे तिकडचे काका. हे लष्कराच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे तार असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना मत असे.

"चिक्गू, आग कुठंय?" त्यांनी विचारलं. मास्तरांना अख्खी गल्ली चिक्गू म्हणे. शिक्षकाला तिकडे तसंच म्हणतात, निवृत्त झाला तरी.

"आग नाही. डिस्क गेलीय."

"कुठं?"

"म्हणजे मेलीय."

पाक रामलींनी गोणी खाली ठेवली आणि क्षणभर डोकं झुकवलं.

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: 'डिस्क ३ निकामी.' वर यादी होती. डिस्क ०, डिस्क १, डिस्क २, डिस्क ३. त्यातलं शून्य म्हणजे खुद्द पेटी असणार, हजेरीपटावर सगळ्यात वर वर्गाचं नाव असतं तसं, असं मास्तरांनी ठरवलं. मग तीन-ए कुठं आहे, असं गेक चूनं विचारलं. तीन-ए हा तीनचाच पोटप्रश्न, म्हणून यंत्रानं एकाच ओळीत धरला असेल, असं मास्तरांनी सांगितलं. प्रश्नपत्रिका काढण्यात ज्याची हयात गेली त्याला असली उत्तरं पटकन सुचतात.

त्यांनी पेटी उघडली. गेक चू स्क्रू धरायला भाजी धुवायची चाळणी घेऊन उभी राहिली. चाळणीची भोकं स्क्रूंपेक्षा मोठी आहेत हे चौथ्या स्क्रूनंतर लक्षात आलं, तोवर तीन स्क्रू कपाटाखाली गेले होते. आई हात पुसत आली आणि पेटीत डोकावली.

"ती मेली असणार," तिनं बोट दाखवलं. "शेवटची."

"आई, ती तीन-ए आहे. तीन मेलीय."

"तीन-ए म्हणजे काय? बुरखा घातलेली चारच ना? चारच्या जागी जी बसेल तीच मरणार. एवढं शिकलास, हुआत, आणि हे कळत नाही."

"हे यंत्र आहे. याला शुभ-अशुभ नसतं."

"मग मेली कशी?"

मास्तरांनी ३ लिहिलेली डिस्क ओढून बाहेर काढली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. ओरडणं थांबलेलं होतं. पाक रामलींनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. गेक चूनं सगळ्यांसाठी कॉफी टाकली. रोगी कण्हायचा थांबला की नातेवाइकांना बरं वाटतं, डॉक्टरला वाटत नाही. पण इथं डॉक्टर कुणीच नव्हतं.

कॉफी पिऊन झाल्यावर मास्तरांनी माशाचा तुकडा उघडायला घेतला. तो उघडेना. फोटोही उघडेनात. पडद्यावर नवी ओळ होती: 'गट मोडला आहे. दोन सभासद गैरहजर.'

"दोन?" मास्तर म्हणाले. "मी एकच काढली. याला मोजता येत नाही."

"सेल्वाला बोलवा," गेक चू म्हणाली.

इथंच खरी अडचण होती. सेल्वाराजा हा मास्तरांचा विद्यार्थी. तेहतीस वर्षांपूर्वी मास्तरांनी फळ्यावर सात रेघा ओढून किती आहेत असं विचारलं होतं, आणि त्यानं सहा सांगितल्या होत्या. कशा, तर शून्यापासून मोजल्या. "पहिली शून्य, मग एक, मग दोन," असं त्यानं ठामपणे सांगितल्यावर मास्तरांनी त्याला एक तास व्हरांड्यात उभं केलं होतं. आता तो सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप होता. पण त्या मुलासमोर जाऊन 'मला माझ्या डिस्का मोजता येईनात' असं सांगायचं म्हणजे चौतीस वर्षांची नोकरी पाण्यात गेल्यासारखं होतं.

"मी बघतो," मास्तर म्हणाले. आईला त्यांनी सांगितलं की तपासणी चालू आहे. आई 'बरं' म्हणाली आणि जरा जास्त वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

मंगळवारी पाक रामली खोडरबर घेऊन आले. लष्करात म्हणे कुठलंही यंत्र बंद पडलं की आधी त्याचे दात घासत. उरलेल्या तिन्ही डिस्का बाहेर काढून त्यांनी त्यांच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवला, फुंकर मारली, पुन्हा बसवल्या आणि पेटीला तळव्यानं एक चापट दिली.

"आता बघा."

'दोन सभासद गैरहजर.'

"लष्करात अशा वेळी काय करत?"

"वरिष्ठांना कळवत," पाक रामली म्हणाले. मग त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली. "चिक्गू, दमट हवा. या गावात भिंतींना शेवाळ येतं, डिस्केला का नाही येणार? तांदळात ठेवा."

तांदळात ठेवल्यानं भिजलेला फोन सुधारतो असं मास्तरांनीही ऐकलं होतं. ३ नंबरची डिस्क दुपारभर तांदळाच्या डब्यात राहिली. संध्याकाळी गेक चूनं माप भरून तांदूळ काढले तेव्हा ती मापासोबत वर आली, आणि घरात त्या दिवशी नूडल्स झाल्या. जेवताना गेक चूनं पुन्हा सेल्वाचं नाव काढलं. मास्तरांनी नूडल्स मोठ्या आवाजात ओढल्या.

बुधवारी मास्तर इपोला गेले. डिस्क अजून हमीच्या मुदतीत होती, तेव्हा मेलेली देऊन नवी घ्यायची, की बाकीच्या तिघी तिला पढवतील, असा त्यांचा सरळ हिशेब. हमीच्या कार्यालयात आधी एक अर्ज, मग त्याच अर्जाची प्रत, मग रांगेचा क्रमांक. मास्तरांना क्रमांक मिळाला तेवीस-ए. ते दीड तास बसले. खिडकीतल्या बाईंनी डिस्क एका खोक्याला जोडली, अर्धा तास तपासली आणि परत दिली.

"अंकल, ही चांगली आहे."

"ती मेलीय."

"अगदी ठणठणीत आहे. नव्यासारखी. फक्त खाचेत तांदळाचा दाणा होता, तो काढलाय."

"माझ्या कॉम्प्युटरनं सांगितलंय, तीन नंबर निकामी. ही बघा, चिठ्ठी. तीन."

"अंकल, चिठ्ठी मेली असेल. डिस्क जिवंत आहे. जिवंत डिस्क आम्ही बदलत नाही."

आयुष्यात हजारो पोरांना नापास केलेल्या मास्तरांवर, कुणीतरी उत्तीर्ण झाल्याबद्दल भांडायची ही पहिलीच वेळ. पुन्हा तपासा, असं त्यांनी सांगितलं. लेखी तक्रार करीन म्हणाले. बाईंनी तक्रारीचा अर्ज पुढं केला. त्यात 'दोषाचे स्वरूप' असा रकाना होता. त्यात 'दोष नाही' असं लिहावं लागलं असतं. मास्तरांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये ती ठणठणीत डिस्क मांडीवर घेऊन बसताना, पेपर कोरा सोडून घरी निघालेल्या पोराला काय वाटत असेल, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी गेक चू त्यांच्याजवळ येऊन बसली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "आईंना सांगून टाका. रविवारी तीन टेबलांसमोर कळण्यापेक्षा आज कळू दे."

"काय सांगू? बाबांचा आवाज मी कचऱ्यात टाकला म्हणून?"

तिनं काही टोमणा मारला नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मास्तरांना समजलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी नवा विचार केला. तीन ठणठणीत आहे. एक, दोन आणि तीन-ए यांच्याबद्दल यंत्राची तक्रार नाही. म्हणजे चारही चांगल्या आहेत आणि बिघडलंय ते यंत्राचं डोकं. ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं. तोवर तीन टेबलावरच राहू दे, असं त्यांनी ठरवलं. यंत्राच्या याद्यांत उतरत उतरत त्यांना एक प्रश्न सापडलाच: 'नवा गट तयार करायचा? डिस्कांवरील सर्व काही पुसले जाईल. हो की नाही?'

पाक रामली खुर्चीमागं उभे होते. "हो म्हणा. कॉम्प्युटर विचारतो ते नुसतं विचारायचं म्हणून. मी नेहमी हो म्हणतो."

"पुसले जाईल म्हणतोय."

"पुसून परत लिहील. फळा कसा पुसता तुम्ही?"

फळ्याचा दाखला मास्तरांच्या वर्मी बसला. एक तर तीन दिवसांची दमछाक, त्यात रविवार तीन दिवसांवर. त्यांनी बोट 'हो'च्या बटणावर ठेवलं.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत आईचा आवाज चढला. ती फोनवर हॉटेलच्या मॅनेजरशी बोलत होती. ऐंशी पूर्ण केलेल्यांना हॉटेलतर्फे दीर्घायुष्याचे गुलाबी गोड पाव भेट मिळत. त्यासाठी ओळखपत्राची प्रत मागितली होती, आणि मॅनेजरनं ती बघून वजाबाकी केली होती.

"एकोणऐंशी कुठून आणली?" आई विचारत होती. "सरकारनं? सरकार शून्यापासून मोजतं, बाबा. त्यात माझा काय दोष? मी आले तेव्हा एक होते. सरकार म्हणतं शून्य. म्हणजे सरकारचं शून्य ते माझं एक, सरकारचं एक ते माझं दोन. असं करत वर चढत जा, म्हणजे तुझी एकोणऐंशी ती माझी ऐंशी. माणूस तोच आहे. मोजायला कुठून लागलास, एवढाच फरक."

मास्तर पडद्याकडे बघत होते. डिस्क ०. डिस्क १. डिस्क २. डिस्क ३.

यंत्राचं शून्य ते सेल्वाचं एक. यंत्राचं एक ते दोन. यंत्राचं दोन ते तीन. आणि यंत्राचं तीन...

त्यांनी बोट बटणावरून असं उचललं की जणू ते तव्यावर होतं.

"काय झालं?" पाक रामलींनी विचारलं.

"हे सरकारसारखं मोजतंय," मास्तर म्हणाले. "शून्यापासून. याची तीन म्हणजे चौथी. मेलेली तीन-ए आहे. मी ठणठणीत असलेली बाहेर काढली. म्हणून दोन गैरहजर."

"म्हणजे मोजता याला येत होतं," पाक रामली म्हणाले आणि मग आपण हे बोलायला नको होतं, असा चेहरा करून ओली गोणी शोधू लागले, जी सोमवारीच घरी गेली होती.

आई फोन ठेवून दारात आली. "काय म्हणालास? कोणती मेली?"

"शेवटची, आई."

"मी सोमवारीच सांगितलं होतं."

"तू अशुभ म्हणून सांगितलं होतंस. कारण वेगळं होतं."

"पण उत्तर बरोबर होतं ना?" आई म्हणाली. नुसत्या उत्तराला गुण नाहीत, पायऱ्या दाखवल्या पाहिजेत, हे वाक्य मास्तरांच्या ओठांवर चौतीस वर्षांच्या सवयीनं आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

पण आता पेटीला पुन्हा हात लावायची त्यांची छाती होईना. एक बोट खाली गेलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं त्यांनी पेटीची तारच काढून ठेवली. शुक्रवारी सकाळी त्यांनी पेटी टॉवेलात गुंडाळली, पाक रामलींच्या गाडीत ठेवली आणि सेल्वाराजाच्या दुकानात गेले.

सेल्वा लगबगीनं उठला. "सर, तुम्ही कशाला आलात? फोन केला असता तर मी आलो असतो."

मास्तरांनी सगळं सांगितलं. खोडरबर सांगितला, तांदूळ सांगितले, इपो सांगितलं. शून्याशी आल्यावर ते थांबले, पण तेही सांगितलं. सेल्वानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त तो उठला, आतली एक खुर्ची उचलली आणि दुकानाबाहेरच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"आत उकडतंय, सर. तुम्ही बाहेर बसा. एक तास लागेल."

मास्तर मुकाट्यानं जाऊन बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना नमस्कार केला. मास्तरांनी तो हजेरी दिल्यासारखा घेतला. हिशेब फिटला होता आणि तो बरोबर होता, हे त्यांना मान्यच करावं लागलं.

तासाभरानं सेल्वानं बोलावलं. तीन नंबरची डिस्क जागेवर बसताच यंत्रानं आपले तीन सभासद ओळखले होते. गट आजारी, पण जिवंत. तीन-ए च्या जागी नवी डिस्क घालण्याआधी सेल्वानं माशाचा तुकडा दोन ठिकाणी उतरवून घेतला आणि एक पेन ड्राइव्ह मास्तरांच्या मुठीत ठेवला.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चारही एकाच पेटीत आहेत. उद्या पेटी जळाली तर चौघी एकदम. दुसरी प्रत दुसरीकडे ठेवायची असते. बिस्किटाच्या डब्यात ठेवली तरी चालते."

गेक चूनं हेच कॅसेटच्या वेळी म्हटलं होतं. मास्तरांनी ही गोष्ट घरी सांगायची नाही असं ठरवलं; पण पाक रामली तिथंच उभे होते, त्यामुळे ती त्यांच्याआधी घरी पोचली. नव्या डिस्केवर सेल्वानं चिठ्ठी चिकटवताना मास्तरांकडे पाहिलं. "काय लिहू, सर?"

मास्तरांनी बराच विचार केला. "तीन-ए च लिही," ते म्हणाले. "आईनं चार पाहिलं तर घरात घेणार नाही. पण खाली बारीक अक्षरात लिही, यंत्राच्या हिशेबानं तीन."

रविवारी दुपारी हॉटेलात तीन टेबलं भरली. लाल अंडी झाली, दीर्घायुष्याच्या लांब नूडल्स झाल्या, पिनांगच्या मावशीच्या केसांचं कौतुक झालं. मग मास्तरांनी भिंतीवर पडदा ओढला आणि पेन ड्राइव्ह लावला. दुसरा एक त्यांच्या खिशात होता, तिसरा गेक चूच्या पर्समध्ये, आणि चौथा, ज्याला कुणी चौथा म्हणत नव्हतं, पाक रामलींच्या टोपीत.

पडद्यावर तीस वर्षांपूर्वीचं टेबल उजळलं. कॅमेरा हलत होता. वडील कॅमेरा पाहून कावरेबावरे झाले, पण हातात काड्या होत्या, त्यामुळे पळता आलं नाही. त्यांनी पापलेटच्या गालाचा तुकडा उचलला, आईच्या वाडग्यात ठेवला आणि त्यांचा तो जरा घोगरा आवाज तिन्ही टेबलांवरून फिरला.

"पन्नास झाली तुला. आता तरी काटा बघून खा."

हेच ते चुकीचं वाक्य. त्या दिवशी आईला एकोणपन्नास पूर्ण झाली होती. मास्तरांनी चित्रणाला नावसुद्धा 'एकोणपन्नासावा वाढदिवस' असं दिलं होतं. वडिलांची ती एका वर्षाची चूक कापायची, असं त्यांच्या मनात कितीदा तरी आलं होतं. आता चित्रण संपून पडदा काळा झाला, आणि आपण ते कापलं नाही याचा त्यांना फार आनंद झाला.

मावशीनं रुमाल काढला. आई मात्र रडत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, चित्र संपलं तरी. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

मास्तरांनी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा मॅनेजर फॉर्म घेऊन मास्तरांच्या खुर्चीशी आला होता. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "अंकल, ते पावांचं. वयाच्या रकान्यात काय लिहू? ओळखपत्रात एकोणऐंशी आहे."

मास्तरांनी त्याच्या हातातला पेन घेतला आणि स्वतः लिहिलं: ऐंशी.

"पण अंकल, जन्मसाल..."

"मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय," मास्तर म्हणाले. "तुमचं ओळखपत्र शून्यापासून मोजतं. पाव आणा."

मॅनेजर गेला. वाफवलेलं पापलेट फिरत्या टेबलावरून आईसमोर आलं. तिनं काड्या घेतल्या, गालाचा तुकडा अलगद सोडवला, हात लांब केला आणि तो मास्तरांच्या वाडग्यात ठेवला.

"साठ झाली तुला, हुआत," ती म्हणाली. "काटा बघून खा."

मास्तरांना एकोणसाठ झाली होती. त्यांनी काटा बघितला, आणि खाल्लं.